माळावरचा वाकडा चर

आटपाडीच्या अलीकडे, माणच्या हद्दीला लागून एक लांबरुंद माळ आहे. त्याच्या माथ्यावर उभं राहून खाली पाहिलं की उताराला आडवे खणलेले जुने चर दिसतात. आता ते बुजत आलेत, पण तिरक्या उन्हात अजून उठून दिसतात, एकाखाली एक, फणीनं विंचरल्यासारखे. त्यातला एकच चर मध्ये वाट चुकल्यासारखा वाकतो, चाळीसएक पावलांचा वळसा घेतो आणि मुकाट्यानं पुन्हा आपल्या ओळीत येतो. तो वाकडा चर मी काढला. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी केल्याचं सांगत आलोय. कृष्णेच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून कराडपासून सांगलीपर्यंत गेलो आणि म्हशीला वाटेत दोनदा धीर दिला, वगैरे. त्यातल्या काहींबद्दल लोकांना शंका आहे, आणि असू दे. चराबद्दल मात्र नको. तो तिथं आहे, जाऊन बघा.

मी मूळचा इस्लामपूरकडचा, उसातला. आमच्याकडे ऊस इतका दाट की एकदा चुलत्याचा बैल आत शिरला तो गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या पलीकडच्या दारानं बाहेर आला, आणि वर्षभर त्याच्या शेणाला गुळाचा वास येत होता. थोरले दोघे भाऊ पलटणीत. मीही भरतीला गेलो होतो. छाती दोन बोटं कमी भरली. गावात येऊन मी सांगितलं की साहेबाचा टेप अपुरा पडला. असल्या पोराचं करायचं काय, हा प्रश्न घरात होताच. तो मामानं सोडवला. पूर्वेकडे दुष्काळी भागात सरकारी कामं निघाली होती, माळावर चर खणायचे आणि चरांच्या कडेनं झाडं लावायची. तिथं त्यानं मला मुकादम म्हणून चिकटवून दिलं. सत्तर सालानंतरच्या, पाण्याची ददात असलेल्या वर्षांतली ही गोष्ट.

एसटीनं विट्याच्या पुढं गेल्यावर ऊस संपला, मग झाडं संपली, मग घरं. शेवटी मी उतरलो तेव्हा डोळ्यांपुढं नुसतं गवत होतं आणि त्यावर आभाळ पालथं घातलेलं. उसातल्या माणसाला चार हातांपलीकडचं बघायची सवय नसते. पहिले दोन दिवस मला चक्कर येत होती. नजर टाकली की ती जायची ती जायचीच, कुठं आपटायची नाही. आभाळात ढग होते, पण ते घाटाकडून रिकामे होऊन आलेले. ते उतरायचे नाहीत, नुसत्या सावल्या पाठवायचे. त्या सावल्या माळावरून मेंढरांच्या कळपासारख्या सरकत जायच्या आणि त्यांच्यात खरी मेंढरं मिसळली की कोण चरतंय आणि कोण नुसतंच जातंय ते कळायचं नाही. दुपारी चर खणणारी टोळी भाकरीला बसली की मी तंबूच्या सावलीत आडवा व्हायचो. झोप यायची आणि यायची नाही. कुसळी गवताचा आवाज कानात शिरायचा. त्या माळावर मला काय दिसलं आणि काय स्वप्नात आलं, याची वाटणी मी अजून करू शकलेलो नाही.

तशाच एका दुपारी तो आवाज आला. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हाक मारावी तसा, खोल, घुमलेला, हुंऽऽम. पुन्हा एकदा. जमिनीतून यावा असा. मी उठून बसलो. समोरून एक म्हातारा मेंढपाळ चालला होता, खांद्यावर घोंगडं, पुढं पाचपन्नास मेंढरं. त्याला विचारलं, तर म्हणाला, माळढोक हाय, नर, गळ्याची पिशवी फुगवून मादीला बोलावतोय. आणि बोट दाखवलं. लांब, मृगजळाच्या काठावर, पांढऱ्या मानेचं काहीतरी उभं होतं. मला आधी तो पागोटं घातलेला माणूस वाटला. नंतर त्यानं पंख उघडले, चार ढांगा पळाला आणि हवेत चढला. पुढं मी आमच्याकडे सांगायचो की त्याच्या पंखांच्या वाऱ्यानं माझ्या तंबूच्या दोन मेखा उपटल्या. एकच उपटली होती, आणि ती बहुतेक शेळीनं.

म्हाताऱ्याशी मग माझी गट्टी जमली. मी त्याला थापा सांगायचो, तो मला खऱ्या गोष्टी, आणि दोघांनाही एकमेकांचं खरं वाटायचं नाही. हे पाखरू वर्षाला एकच अंडं घालतं, असं तो म्हणाला तेव्हा मी हसलो. आमच्या आत्याची कोंबडी दिवसाला दोन घालायची, आणि सणाला तीन. तो म्हणाला, तेही घरट्यात नाही, उघड्या जमिनीवर, आणि चार आठवडे ती एकटी त्यावर बसते, नर फिरकत नाही. पूर्वी या माळावर ही पाखरं मेंढरांसारखी हिंडायची. मग बंदुका घेऊन जीपवाले येऊ लागले. आता या भागात किती राहिलीत ते त्याला बोटांवर सांगता येत होतं, आणि त्यानं दुसरा हात बाहेर काढला नाही.

आषाढाच्या सुरुवातीला एका सकाळी तो मला घेऊन गेला. त्याची मेंढरं एका जागेला लांबून वळसा घालून चरत होती. तिथं काठी नव्हती, दगड नव्हता. त्यानं पुढच्या बकऱ्याला रोज तसंच नेऊन वळायला शिकवलं होतं, आणि मागची मेंढरं बकऱ्याच्या शेपटीमागं. वळशाच्या मधोमध माळढोकाची मादी बसली होती. आम्ही लांब थांबलो. ती चरायला उठली तेवढ्यात म्हातारा म्हणाला, जा, एकदाच बघून ये, हात लावू नको. मी गेलो. गवताच्या दोन झुबक्यांमध्ये, मातीच्याच रंगाचं, शेवाळी ठिपक्यांचं एक अंडं. इस्लामपुरात मी ते कलिंगडाएवढं होतं असं सांगितलंय. कोंबडीच्या दोन अंड्यांएवढं असेल. पण त्या एवढ्या मोठ्या माळावर तेवढीच एक वस्तू राखून ठेवण्यासारखी आहे, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

परत येताना माझी नजर जमिनीवर गेली. पांढऱ्या फक्कीची रेघ. आदल्या दिवशीच आमच्या साहेबानं, म्हणजे कामावरच्या ओव्हरसियरनं, तीन पायांच्या दुर्बिणीतून पातळी बघून पुढच्या चराची आखणी केली होती. ती रेघ अंड्यापासून चार पावलांवरून जात होती. टोळी तिथं दहा-बारा दिवसांत पोचली असती.

साहेब दोन-तीन दिवसांआड यायचा. आला तेव्हा मी अंड्याचं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं मला समजावलं की चर वाकला की पातळी मोडते आणि साठायचं ते पाणी एका टोकाला पळतं. शिवाय, अरे, आपण झाडं लावतोय, चार वर्षांत इथं रान होईल, पाखरांचंच भलं होणार आहे. हे मी म्हाताऱ्याला जाऊन सांगितलं. त्यानं बराच वेळ तंबाखू मळली.

"हे झाडावर बसणारं पाखरू न्हाई गड्या," तो म्हणाला. "ह्येला लांबचं दिसाय लागतं. झाड आलं की ह्ये गेलं."

साहेबाला खरं सांगून झालं होतं. आता माझ्याकडे माझं नेहमीचं हत्यार उरलं. आठवड्याच्या बाजारातून मी शेंदूर आणला, माळावरचा एक बरा दगड निवडला, अंड्यापासून वीसएक पावलांवर, अगदी फक्कीच्या रेघेवर मांडला आणि लाल केला. साहेब आल्यावर मी डोळे अर्धे मिटून, आवाज खाली आणून सांगितलं की मला दृष्टांत झाला. स्वप्नात हिरव्या लुगड्यातली एक बाई आली, कपाळावर एवढालं कुंकू, आणि म्हणाली, माझ्या अंगावरून खोरं नेऊ नका, चाळीस पावलं सोडा. हिरवं लुगडं सांगितल्यावर मला स्वतःलाच ती दिसायला लागली. साहेबानं दगडाकडे पाहिलं, दुर्बिणीकडे पाहिलं आणि पायातले बूट काढले. नवी फक्की त्यानं स्वतःच्या हातानं टाकली, वळसा देऊन. जाताना त्यानं नारळही फोडला. मी त्या दिवशी स्वतःवर इतका खूश होतो की संध्याकाळी किती भाकरी खाल्ल्या ते मोजायचं विसरलो.

म्हातारा आला, दगडाकडे बघून उभा राहिला.

"आखाडात देवी बसवलीस?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, व्हय.

"आखाडात कुनी देवी बसवतं व्हय रं?"

तेव्हा मला उमजलं. आषाढ म्हणजे आमच्या मुलखात देव्यांचा महिना. मंगळवार म्हणू नका, शुक्रवार म्हणू नका, गावोगावच्या बायका निवद घेऊन निघतात, ओट्या भरतात, कोंबडं सोडतात. वर्षातले अकरा महिने मोकळे होते. मी नेमका हा निवडला होता.

पहिल्या मंगळवारी टोळीतल्या पाचसहा बाया भाकरीच्या सुटीत दगडाला जाऊन आल्या. पाखरू उठून शंभर पावलं लांब गेलं, त्या परतल्यावर आलं. शुक्रवारी आसपासच्या वाड्यांवरून बाया आल्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या नवऱ्याचं पलटणीतून पत्र आलं, सगळं देवीच्या नावावर जमा झालं. हिरव्या लुगड्याची बातमी माझ्यापेक्षा जोरात पळत होती. पुढच्या मंगळवारी तर डफडं आलं, कोंबडं आलं, दगडापुढं चूल मांडली गेली आणि धूर अंड्याच्या बाजूनं वाहत गेला. त्या दिवशी नेमके ढगही आले नाहीत. ती मादी लांब माथ्यावर मान ताठ करून उभी होती. चार पावलं पुढं यायची, थांबायची, पुन्हा मागं.

म्हातारा माझ्या शेजारी बसला होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, असं दोन दुपारी उघडं पडलं तर अंडं आतल्या आत शिजतं. मग ती येऊन बसेल, दिवसच्या दिवस बसेल, आणि खाली काही नसेल.

मी उठलो आणि आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. सगळ्या बायांपुढं जाऊन सांगितलं की देवी-बिवी काही नाही, दगड मी आणला, शेंदूर बाजारातला, दृष्टांत खोटा. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग हसू फुटलं. मुकादम आता देवीवरसुद्धा थापा मारायला लागले म्हणून. म्हशीच्या शेपटाची गोष्ट त्यांनी ऐकलेली होती. मी खोटं बोलतो हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं, तेव्हा मी दगडाला खोटा म्हणतोय म्हणजे दगड खराच असणार. एकीनं माझ्या वतीनं देवीपुढं नाकही घासलं.

टोळीत एक मावशी होती, माझ्या आईच्या वयाची, टिकावाला दोन पुरुषांना भारी. बायांमध्ये तिचा शब्द चालायचा, कारण ती आसपासच्या चार वाड्यांची सुईणही होती. ती मात्र हसली नव्हती. मी तिला म्हटलं, मावशी, एकदा चल, तुला काहीतरी दाखवतो. तंबूत साहेबाची दुर्बीण ठेवलेली असायची. ती मी माथ्याच्या अलीकडे तीन पायांवर उभी केली, नळी फिरवली आणि मावशीला डोळा लावायला सांगितला.

त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. साहेबाला त्याची सवय होती, आम्हाला नव्हती. मावशीच्या आधी मी पाहिलं ते असं: वर गवत, त्याची पाती खाली लोंबलेली, आणि गवताला पायांनी धरून ते पाखरू आभाळात लटकलेलं. चोच उघडी. गळा थरथरत होता. उन्हाच्या लाटांमध्ये ते पुसट व्हायचं, पुन्हा गोळा व्हायचं. एवढ्या जवळून मी ते कधीच पाहिलं नव्हतं आणि ते एवढं लांबही कधी वाटलं नव्हतं.

मावशीनं डोळा लावला तो काढला नाही. मी तिला हळूहळू सगळं सांगितलं. अंडं कुठं आहे, दगड का मांडला, ती का येत नाही. या वेळी मी एका बोटाचीही भर घातली नाही, आणि मला ते फार अवघड गेलं.

"ही तर बाळंतीण हाय की रं," मावशी म्हणाली.

मग तिनं दुर्बिणीवरचा डोळा काढला आणि ती माझ्याकडे वळली.

"आनि तू तिच्या खोलीत जत्रा भरवलीस."

ती तशीच उठली. वाटेत बांधावर एकुलतं एक कडुलिंबाचं झाड होतं, त्याचा डहाळा मोडून घेतला. आमच्याकडे बाळंतिणीच्या दाराला कडुलिंब खोवतात. तो दिसला की कुणी परकं आत पाऊल टाकत नाही, मोठ्यानं बोलत नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही. मावशी चुलीपाशी गेली आणि पहिल्यांदा डफड्यावर हात ठेवून ते थांबवलं. काय म्हणाली ते मला लांबून पुरतं ऐकू आलं नाही, नंतर बायांकडून कळलं. तिनं माझ्यासारखे डोळे मिटले नाहीत. सुईण बोलते तसं सरळ सांगितलं की इथली बाळंत व्हायची आहे, अजून दोन आठवडे आहेत, चूल विझवा आणि निघा. कुणी विचारलं, कोण बाळंत व्हायचीय, देवी? मावशीनं माथ्याकडे हनुवटी केली. बायांनी तिकडं पाहिलं. लांबवर ती पांढरी मान उभी होती.

मग जे झालं ते मी कित्येकदा वाढवून सांगायचा प्रयत्न केला आणि दर वेळी फसलो, कारण त्यात वाढवण्यासारखं काही नव्हतं. बाया उठल्या. चुलीवर पाणी ओतलं. कोंबडं, जे अजून जिवंत होतं, काखेत घेतलं. पदर डोक्यावरून सारखे केले आणि शिवारात कुणी झोपलं असावं तशा पावलांनी, एकामागं एक, वाटेला लागल्या. मावशीनं चाळीस पावलांवर एक काठी रोवली आणि तिला डहाळा बांधला. मग आम्ही तिघं गवतात पालथे पडून राहिलो, ती, म्हातारा आणि मी. उन्हं कलायला लागली होती. मला वाटतं मी मध्ये झोपलो. स्वप्नात हिरव्या लुगड्यातली बाई खरीच आली आणि तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ माळावरून चालत गेली. जागा झालो तेव्हा म्हाताऱ्याचा हात माझ्या पाठीवर होता. मादी खाली आली होती. गवताच्या झुबक्यांपाशी तिनं मान वाकवली, पायानं काहीतरी सारखं केलं आणि बसली.

अंडं शिजलं होतं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढचे दोन आठवडे मी पाहिलेले सगळ्यात सावकाश आठवडे. चर वळशावरून पुढं गेला. त्या वळशात बायांनी टिकाव आपटला नाही, खोऱ्यानं माती ओढून काढली, आणि पाट्या हातोहात दिल्या, फेकल्या नाहीत. कुणाला हाक मारायची असली तर जवळ जाऊन सांगायच्या. डहाळा वाळला की कुणीतरी नवा बांधायचं. कोण ते मला दिसलं नाही. ढगांच्या सावल्या यायच्या, तिच्यावरून जायच्या, ती तिथंच. साहेब आला, डहाळा बघून त्यानंही आवाज खाली आणला आणि झाडाची रोपं वळशाच्या आत लावायची नाहीत असं कागदावर लिहून घेतलं, देवीची जागा म्हणून. ते मी दुरुस्त केलं नाही.

श्रावणात एका सकाळी म्हातारा तंबूपाशी आला आणि काही न बोलता चालायला लागला. मी मागोमाग. धुकं नव्हतं, पण गवतावर दव इतकं होतं की माळ दुधात बुडवल्यासारखा दिसत होता. जागा रिकामी होती. गवताच्या झुबक्यांमध्ये टरफलाचे दोन तुकडे, आतून ओले. त्यानं मान वर केली. पलीकडच्या उतारावर मादी चालली होती, सावकाश, एकेक पाऊल थांबून टाकत.

पिल्लू मी पाहिलं, असं मी आजवर शेकडो लोकांना सांगितलंय. कुणाला म्हटलं ते मांजराएवढं होतं, कुणाला म्हटलं ते माझ्याकडे बघून बोललं. खरं एवढंच की वारा पूर्वेकडे जात होता, सगळं गवत पूर्वेला वाकलं होतं, आणि तिच्या मागं एका ठिकाणी वीतभर गवत वाऱ्याच्या उलट हलत होतं. ती थांबली की ते थांबायचं.

"बघितलंस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बघितलं," मी म्हणालो.

"खोटं बोलतोस. मला बी न्हाई दिसलं." आणि तो हसला. दात नव्हते, त्यामुळं ते हसू सरळ आभाळात गेलं.

त्या दिवशी त्यानं मेंढरं नेहमीच्या वळशानंच नेली. आता तिथं काही नव्हतं, तरी. बकऱ्याला तेच ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी कामं दुसऱ्या माळांवर गेली आणि टोळ्यांबरोबर मावशीचा डहाळाही गेला. कुठल्या मेंढपाळाला मादी बसलेली दिसली की तो गावातल्या सुईणीला सांगायचा, आणि सुईण काठी रोवायची. माणपासून जतपर्यंत अशा शंभर काठ्या उभ्या राहिल्या, असं मी म्हणतो. म्हातारा म्हणायचा, तीन. त्या तीनमधली एक मी स्वतः पाहिली, खरसुंडीच्या वाटेवर, एसटीच्या खिडकीतून. उघड्या माळावर ना घर ना दार, नुसती काठी आणि तिला बांधलेला हिरवा डहाळा. गाडीत माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, हे काय हो? मी त्यांना अगदी खरं सांगितलं, आत एक बाळंतीण आहे म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा सरकून बसले.